बडबड्या लेस्टर

"वय काय हिचं?" बेसबॉलच्या मैदानाच्या गेटवरच्या माणसानं विचारलं.

"चार," लेस्टर होलब म्हणाला आणि त्यानं नॅडीनचा हात हळूच दाबला. पाच वर्षांखालचं पोर बापाच्या मांडीवर बसणार असेल तर त्याला तिकीट नव्हतं. नॅडीनला पाच पूर्ण होऊन आठच दिवस झाले होते. गेटवर तोंड उघडायचं नाही, असं घरून निघताना तिला दहा वेळा बजावलं होतं.

"मी पाच वर्षांची आहे," नॅडीन म्हणाली. "केकवर पाच मेणबत्त्या होत्या. त्यातली एक मार्विननंच विझवली."

तिच्या आठ वर्षांच्या भावानं, मार्विननं, कपाळावर हात मारला. लेस्टरचे कान लाल झाले. खिशात जास्तीचे पैसे होते ते परतीच्या पेट्रोलचे. गेटवरच्या माणसानं नॅडीनकडे वाकून पाहिलं. "मला तर चारचीच दिसतेस. जा आत. आणि पोरी, बापाला असं चारचौघांत उघडं पाडू नये गं."

क्लीव्हलंडमधल्या एका शाळेत लेस्टर बॉयलर सांभाळायचा. त्या पगारात दोन मुलांना बेसबॉल दाखवायचा म्हणजे महिन्याला एक रविवार, आणि त्याची तयारी शनिवारपासून. त्याची बायको इर्मा घरीच मक्याच्या लाह्या फोडून किराण्याच्या खाकी कागदी पिशवीत भरायची, तेल उतरून पिशवी पारदर्शक व्हायची. सॉसेजच्या चकत्यांचे सँडविच पावाच्याच रिकाम्या कागदात. गाडी मेव्हणीच्या अंगणात लावायची आणि तिथून दीड मैल चालत जायचं. शेंगा पुलावरच्या म्हाताऱ्याकडून घ्यायच्या, कारण आत त्याच शेंगा दुप्पट भावानं. खेळाडूंची नावं छापलेलं पुस्तक आत विकत मिळे, ते कधीच घेतलं नाही. बॉयलर तपासणीच्या जुन्या छापील कागदांच्या पाठीवर लेस्टर रात्री पट्टीनं चौकटी आखून ठेवायचा आणि मार्विन पेन्सिलीनं एकेक फटका त्यात मांडायचा.

कुणी याला चिकटपणा म्हणेल, म्हणो बापडा. मुलांना ते दिवस चणचणीचे कधी वाटलेच नाहीत. पुढे आयुष्यात दोघांनीही महागड्या खुर्च्यांवर बसून सामने पाहिले, पण त्या खाकी पिशवीतल्या लाह्यांची चव काही परत आली नाही.

त्यांची जागा मैदानाच्या पार मागे, उन्हातल्या लाकडी बाकांवर. तिथं कारखान्यांतली सहा-सात माणसं वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी बसायची. त्यांचा म्होरक्या कॅझ ओल्शेव्स्की, तारेच्या कारखान्यातला, आवाज भोंग्यासारखा. लेस्टर लग्नाआधीपासून या टोळक्यात. सबंध सामन्यात तो दहा शब्द बोलला तरी खूप झालं, पण शाळेच्या तळघरात एकट्यानं दिवस काढणाऱ्या माणसाला दोस्त म्हणावेत असे एवढेच होते. तो आला की कॅझ न बघता सरकून जागा करायचा.

त्या रविवारी घरच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, विशीतला, कालपरवा आलेला पोरगा होता. तिसरा डाव झाला, पाचवा झाला, समोरच्यांना एकही धड फटका मारता आला नव्हता. सहाव्यानंतर बाकांवर शांतता पसरू लागली. नऊच्या नऊ डाव असेच गेले तर तो पराक्रम माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच बघायला मिळतो. लेस्टर वीस वर्षं त्याची वाट बघत होता. इर्माला तो एकदा म्हणाला होता, "तेवढं एक दिसलं ना, की माझं काही मागणं नाही."

मात्र त्याला एक नियम आहे. तो पराक्रम चालू असताना त्याचं नाव कुणी काढायचं नाही. काढलं की बाधा येते. पिचरशी त्याचे सोबती बोलत नाहीत, प्रेक्षक एकमेकांना विचारत नाहीत. मार्विनला हे ठाऊक होतं. पेन्सिल घट्ट धरून तो गप्प बसला होता. नॅडीनला ठाऊक नव्हतं. तिला नियम समजावून सांगायचा म्हणजे तीच गोष्ट तोंडातून काढायची, मग सांगणार कोण? लेस्टरनं तिला शेंगांची अख्खी पिशवी दिली आणि देवाचं नाव घेतलं.

आठवा डाव सुरू झाला. बाकांवर कुणी चकार शब्द काढेना. त्या शांततेत नॅडीन धावफलकाकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाली, "डॅडी, बघ ना! त्या लोकांना एकसुद्धा फटका मारता आला नाही!"

बरोबर पुढच्याच चेंडूला टण्ण आवाज झाला. चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून सुटला आणि गवतावर घरंगळत गेला. तीस हजार माणसांनी एकदम उसासा टाकला.

कॅझ सावकाश वळला. "कोण बोललं ते?"

मांडीवरची पोर ताठ झालेली लेस्टरला जाणवली. तिला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर घडलंय आणि ते आपल्यामुळे, एवढं तिला कळलं होतं. तिचा हात शेंगांच्या पिशवीत तसाच राहिला.

"मी," लेस्टर म्हणाला. "मी बोललो. जीभ घसरली."

"तू? सामनाभर मुक्यासारखा बसतोस आणि आज वाचा फुटली तुला?"

"फुटली खरी."

"वीस वर्षं काय गवत उपटत होतास इथं?" मागून कुणीतरी शेंगांची टरफलं भिरकावली. कुणी म्हणालं, "बडबड्या मेला!" लेस्टर खाली मान घालून बसला आणि कॉलरमधली टरफलं एकेक काढत राहिला.

पुलावरून परतताना नॅडीननं विचारलं, "डॅडी, तू खोटं का बोललास?"

"आपल्या घरात एकानं खरं सांगितलं की पुरे," लेस्टर म्हणाला.

तो सबंध उन्हाळा कॅझनं सरकून जागा केली नाही. लेस्टर मुलांना घेऊन बाकाच्या टोकाला बसायचा. पुढच्या वर्षी राग निवळला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दहा शब्द बोलणाऱ्या माणसाला सारे बडबड्या लेस्टर म्हणू लागले, आणि तोही त्या हाकेला ओ देऊ लागला.

यालाही सत्तावीस वर्षं झाली. इर्मा गेली. मार्विन टेक्ससला स्थायिक झाला. लेस्टरचे गुडघे गेल्यामुळे आता नॅडीन त्याला गाडीतून मैदानाच्या दारापर्यंत आणायची आणि तिकिटंही तीच काढायची. टोळक्यातला कॅझ तेवढा उरला होता, ऐंशीचा, हातात काठी.

एके दिवशी सामन्याला कॅझनं शेजारच्या तरुणाला ओळख करून दिली, "हा बडबड्या लेस्टर. याच्या जिभेनं एका पोराचा पराक्रम खाल्ला."

"मिस्टर ओल्शेव्स्की," नॅडीन म्हणाली, "ते बोललेच नव्हते. मी बोलले होते."

"नॅडीन, गप्प बस," लेस्टर म्हणाला.

"ठाऊक आहे की," कॅझ म्हणाला. "पाच वर्षांच्या पोरीचा आवाज आणि या घोगऱ्याचा आवाज ओळखू येत नाही होय? आम्ही काय बहिरे होतो?"

"मग त्यांना का बोललात सगळे?"

"हा म्हणाला, मी. मग आम्ही काय करणार? याला शिव्या खायच्या होत्या, आम्ही पोटभर घातल्या. उन्हाळाभर पुरवल्या. तुझ्याकडे कुणी वळून पाहिलं होतं का, सांग?"

नॅडीननं मान हलवली. नव्हतं पाहिलं. पुढच्या रविवारी तिला कुणीतरी शेंगासुद्धा दिल्या होत्या.

लेस्टरला वाटत आलं होतं की पोरीला आपण एकट्यानं वाचवलं. ते नऊ डाव त्याला पुढेही कधी दिसले नाहीत, त्याची हळहळ होतीच. पण सारं बाक आपल्याबरोबर खोटं बोलत होतं, हे त्याला आज कळत होतं. त्यातले पाच जण मातीत गेले होते, त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

खाली पहिल्याच डावात कुणीतरी फटका मारला आणि लोक ओरडले. लेस्टरनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि तो परत डोळ्यांवर चढवायला त्याला बराच वेळ लागला.