कातळातली कबर

शादुली मादागास्करहून परतला तो ख्रिस्ती होऊनच. अंजुआन बेटावरच्या आमच्या गावात असं आजवर कुणी केलं नव्हतं. मशिदीच्या खतिबांनी त्याला तीनदा समजावलं, मग नाद सोडला. हाकललं कुणी नाही. जेवायला बोलावणं तेवढं बंद झालं. तो गावाबाहेर राहून पाथरवटाचं काम करायचा. निम्म्या घरांचे पाये त्याच्याच हातचे. त्याची आई मात्र दर शुक्रवारी त्याच्याकडे जाऊन बसायची.

ती वारली एका सकाळी. दुपारच्या नमाजानंतर पुरायचं ठरलं. तिला नवऱ्याशेजारचीच जागा हवी होती, म्हणून आम्ही गावातले चौघं तिथे खणायला लागलो. मांडीएवढं खणलं आणि काळा कातळ लागला. पहारी बोथट झाल्या.

तिचा थोरला मुलगा बकार येऊन खड्ड्यात डोकावला. "शादुलीला बोलवा."

"कबरस्तानात? त्याला?" मी म्हटलं.

खतीब तिथेच होते. म्हणाले, "खणू दे. घणाला कोण धर्म विचारतो? पण जनाजा यायच्या आत तो बाहेर पाहिजे."

शादुली आला आणि कुणाकडे न बघता आत उतरला. दीड-दोन तास घण घालत होता. मध्ये एकदाच त्यानं मला विचारलं, "शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"तुझ्या बहिणीनं."

"बरं झालं."

मशिदीत नमाज होऊन जनाजा आला, तरी तो आतच, तळ सारखा करत होता. बकार खाली उतरला तसा हा वर चढू लागला.

"कुठे निघालास?" बकार म्हणाला. "तिला पायाकडून धर."

"अरे, खतीब..."

"आई काय खतिबांची आहे? धर म्हणतो ना!"

दोघांनी मिळून तिला खाली घेतलं. खतिबांनी दुआ थांबवली नाही; नजर तेवढी समुद्राकडे वळवली.

पुढे दोघं भाऊ एकत्र जेवले असं काही झालं नाही. शादुली आपल्या दगडांत राहिला. बकारला मात्र सहा महिने मशिदीत वडीलधाऱ्यांच्या ओळीत जागा मिळाली नाही. तो मागे, दारापाशी चपलांजवळ उभा राहायचा. कुणी टोमणा मारला की म्हणायचा, "इथे वारा छान लागतो."