फवारलेली शेंग

श्रीदेवीनं सोलापूरच्या प्रयोगशाळेत बनवलेलं औषध तुरीवर फवारून पाच दिवस झाले, तेव्हा तिच्या बापानं, मल्लप्पानं, एक झाड पोत्यावर झाडलं. अळ्या पडल्या, त्याही वळवळत. शेजारचा गुरप्पा फिसकन हसला. "जित्या हायत की सगळ्या!"

मल्लप्पानं रागानं कोवळी शेंग अळीपुढं टाकली. पण अळी तोंड लावेल तर शपथ! औषधानं तिचं भुकेचं जनुकच गप्प केलं होतं. फुलांवरच्या मधमाश्या मात्र मजेत होत्या.

"यात विष न्हाय, आप्पा," श्रीदेवी म्हणाली.

ती लहान असताना फवारलेली शेंग तोडली म्हणून मल्लप्पानं तिच्या हातावर चापट मारली होती. आता त्यानंच फवारलेली शेंग सोलली. "माझ्या लेकीचं औषध हाय हे!" म्हणत गुरप्पाच्या देखत दाणे तोंडात टाकले आणि उरलेले तिच्या त्याच हातावर ठेवले.