उकंड्यावरची सावली

माणसानं उकंड्यावर कचरा टाकावा, तिथून उचलून घरात आणू नये, एवढी साधी गोष्ट मनकर्णाबाईच्या लेकाला कळत नव्हती. तीन दिवस झाले, उकंडराव सकाळी उठला की शेणकचऱ्याचा ढीग काठीनं उकरायचा आणि सापडेल ते धोतराच्या सोग्यात बांधून गोठ्यात न्यायचा. सारं कामरगाव पाहून हसत होतं.

"दोन लेकरं गेली म्हून तुले जलमल्याबरोबर उकंड्यावर लोळवला, नावबी थेच ठेवलं," ती ओट्यावरून ओरडायची. "जगावा म्हून लोळवला रे! तिथंच रमावा म्हून नाही!"

तो ढीग उकरतच राहायचा. अकोल्याच्या एका फोटोवाल्याकडं चार वर्षं राबून त्यानं जुना तिपाईचा कॅमेरा आणला होता. गेल्या दिवाळीत बायकोला, हिरीला, त्यापुढं बसवलं, तेव्हा मनकर्णाबाईनं कॅमेऱ्यावर गोधडी फेकली. फोटूनं आयुष्य सरते, ती म्हणाली, आणि विषय संपला. संक्रांतीनंतर हिरी तापानं गेली. फोटो नव्हताच. तिच्या चार वस्तू सासूनं आपल्या हातानं उकंड्यावर टाकल्या.

तेव्हापासून रोज उन्हं कलली की मनकर्णाबाईला माजघरात बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सगळं उचलून पुन्हा फेकायचंच, अशा तावात ती गोठ्यात शिरली. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं, कडेला तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागं उकंडराव उभा होता. पालथ्या टोपलीवर एक खापर, झारीची तुटकी तोटी, हिरीचा कुंकवाचा करंडा आणि अर्धी बांगडी मांडली होती. लाथ मारायला तिनं पाय उचलला आणि नजर भिंतीवर गेली.

चुन्याच्या भिंतीवर हिरी बसली होती. खापराचं कपाळ, तोटीचं नाक, करंड्याचा अंबाडा, बांगडीची नथ. मान खाली. सासूसमोर असायची, तशीच.

पाय आपोआप खाली आला.

"कोनं बसवलं हिले इथं?"

"म्या नाही बसवलं, माय. वस्तू मांडत गेलो. थे आपुनच आली."

मनकर्णाबाईनं भिंतीवरची मान नीट न्याहाळली. मग म्हणाली, "डोक्यावर पदर नाही तिच्या."

ती दोन पावलं सरकून उन्हात उभी राहिली. तिच्या पदराची सावली भिंतीवरच्या अंबाड्यावर पडली आणि डोकं झाकलं गेलं. टोपलीवरची बांगडी जागची हलली नव्हती, पण वाजली. या वेळी उकंडरावनंही मान वळवली.

"माय, हलू नको. पन तुही सावली फोटूच्या काचेत येईल."

"येऊ दे."

त्यानं कॅमेऱ्याचं टोपण काढलं. एक, दोन, तीन... आयुष्यात कुणासाठी न थांबलेली बाई खांबासारखी थांबली. पाचाला भिंतीवरची मान हलली. हळूहळू वर आली आणि सरळ तिच्याकडं वळून राहिली. मनकर्णाबाईनं नजर खाली घातली.

सात. टोपण बसलं.

ती लेकाकडं वळली. आवाज नेहमीचाच होता, फक्त हात पदराशी चाळा करत होता.

"गाव तुले येडा म्हनते. तू येडा नाहीस, उकंड्या, तू भेकड आहेस. दिवाळीले मी नाही म्हनलं आन् तू कायले ऐकलं? त्या दिशी तू माहं ऐकाले नव्हतं पायजे!"