शून्यगुरूंची एक ओळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, आता लोक खिडकीच्या कट्ट्यावर आणि टेबलांच्या कडांवर टेकले होते. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे, आणि पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक. कंपनीने बनवलेल्या एका साइटमधल्या कोडच्या चुका तिथे ओळीने मांडलेल्या होत्या.

साइट साधीसुधी नव्हती. घरी ऑक्सिजनवर असलेले रुग्ण तिच्यावरून सिलिंडर मागवायचे. मागणी नोंदवायचा भाग एका बाहेरच्या कंपनीकडून तयार आणलेला, नकाशा दुसरीकडून आणि चॅटचा डबा तिसरीकडून. असल्या परक्या तुकड्यांना विजेट म्हणतात. चॅटचं विजेट गेल्या आठवड्यात बसवलं आणि तेव्हापासून कोड तपासणारा प्रोग्रॅम रोज सकाळी शंख करत होता. पण 'परक्याच्या विजेटला हात लावायचा नाही' असा मालकांचा दंडक होता. कधीकाळी कुणीतरी हात लावला होता आणि अख्खा नकाशा गायब झाला होता. त्यामुळे रोज सकाळी सगळे जमून तो लाल अहवाल बघायचे, हळहळायचे आणि चहाला जायचे.

आज मात्र शून्यगुरू आले होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, गळ्यात रेशमी फितीला टांगलेला पेनड्राइव्ह. चुका शून्यावर आणतात म्हणून शून्यगुरू.

"मंडळी," गुरू डोळे मिटून म्हणाले, "चूक कोडमध्ये नसते. कोडच्या मनात असते. विजेट म्हणजे परक्या घरची लेक. तुम्ही तिला सासुरवास करता, मग ती लाल होणार नाही तर काय करेल?"

पहिल्या रांगेतल्या इंजिनिअरांनी माना डोलावल्या. दोघांनी तर हे लिहूनही घेतलं.

"मी एक ओळ घालणार आहे. फक्त एक. ती कुणी वाचायची नाही, वाचली की तिचा गुण जातो. आता सगळ्यांनी पाठ फिरवा."

आणि काय सांगावं, डझनावारी पदवीधरांनी निमूटपणे पाठ फिरवली! त्यांत चाळणीही होती. ती इथली तपासनीस. कुठलीही गोष्ट चाळून घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवलं होतं. आज चाळणीनेही भिंतीकडे तोंड केलं आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

मागे कीबोर्ड वाजला. "वळा," गुरू म्हणाले. "तपासा."

मालकांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग हिरवागार. चुका शून्य, इशारे शून्य. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी गुरूंच्या पाया पडायला वाकलं, त्याला त्यांनी मोठ्या मनाने तसंच वाकू दिलं.

मालकांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडले. चाळणी कधीची हाताने करू म्हणत होती ती दुरुस्ती रद्द. संध्याकाळपर्यंत हीच ओळ कंपनीच्या सगळ्या साइटवर. आणि सिलिंडरच्या गोदामाला निरोप, की आता गेल्या आठवड्यासारखं प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून पत्ता विचारत बसू नका, साइट शुद्ध झाली आहे.

दुपारी चाळणी जेवून जागेवर येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. मावशी होती. आईमागे जिने चाळणीला वाढवलं, शाळेत विज्ञान शिकवता शिकवता जिची फुप्फुसं थकली आणि जी आता दिवसरात्र नळी लावून बसते, ती मावशी.

"अगं, सकाळीच सिलिंडर मागवला." मावशी दोन शब्द बोलायची आणि थांबायची. "हल्ली गोदामातून फोन येतो. पत्ता विचारायला. आज आलाच नाही. काटा बराच खाली गेलाय."

"दुसरा भरलेला आहे ना घरी?"

"तोच तर लावलाय."

चाळणीने फोन ठेवला. तिने लगेच गोदामाला फोन लावला. तिथले काका ओळखीचे होते.

"तुमच्याच साहेबांचा निरोप आलाय ना, फोन करू नका म्हणून," काका म्हणाले. "आठवडाभर मागण्या येतायत त्या पत्त्याविनाच. आम्ही फोन करून विचारायचो, म्हणून निभावत होतं. आज तशाच बाजूला पडल्यात. तुमच्या मावशींचीही आहे बघा इथे, पत्त्याचा रकाना कोरा."

चाळणीने पत्ता सांगितला. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, वेळ लागणार होता.

"आणि काका, बाकीचे? त्यांना फोन करा ना."

"ताई, माझी नोकरी जाईल. साहेबांच्या तोंडून एक शब्द येऊ दे, मी सगळ्यांना लावतो."

चाळणी धावतच मालकांकडे गेली. मालक गुरूंना फरसबंदी गच्ची दाखवत होते. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "मावशी पत्ता टाकायला विसरल्या असतील. वय झालं की होतं असं. साइट हिरवी आहे, तू स्वतः पाहिलंस."

"विसरल्या असतील तर सगळेच कसे विसरले?"

गुरू मंद हसले. "शंका. शंकेने विजेट बिथरतं, ताई. तुम्ही जरा लांबच राहा त्याच्यापासून."

चाळणीच्या ओठांवर जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती परत फिरली आणि जिन्यातच मावशीला फोन लावला. गाडी निघालीय एवढं सांगितलं आणि मग न राहवून हिरव्या पडद्याची सगळी कथा सांगितली. मावशी सावकाश ऐकत होती. मध्येच ती हसली आणि हसण्याने तिला ढास लागली.

"आमचे हेडमास्तर आठवले," दम आवरत ती म्हणाली. "तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी बसवायचे. साहेब यायचे, हुशार पोरांना प्रश्न विचारायचे, शेरा लिहायचे, उत्तम. दुसऱ्या दिवशी पोरं परत वर्गात. आणि पाढे परत कच्चेच." ती थांबली. श्वास घेतला. "तुझ्या त्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमला नक्की कुठलं पान दाखवलं गं? मला दिसतं तेच ना?"

चाळणी जिन्यात जागच्या जागी उभी राहिली. कुणीच हे विचारलं नव्हतं. रोज सकाळी सगळे प्रोग्रॅमला साइटचा पत्ता द्यायचे आणि तो काय म्हणतो ते वाचायचे. त्याने पाहिलं काय, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती धावत आपल्या खुर्चीवर येऊन बसली. साइट साध्या गिऱ्हाइकासारखी उघडली, समोर आलेल्या पानाचा सगळा कोड जसाच्या तसा उचलला आणि प्रोग्रॅमच्या पुढ्यात टाकला. पडदा लालभडक झाला. सकाळी होत्या त्या सगळ्या चुका आपापल्या जागी ठाण मांडून बसल्या होत्या.

मग तिने गुरूंची ओळ उघडून वाचली. तिचा गुण गेला तर गेला.

गुरू निघायच्या तयारीत होते, त्यांना निरोप द्यायला पुन्हा सगळे सभागृहात जमले. चाळणी दारातच उभी राहिली. तिचा एक डोळा फोनवर होता. गाडी अजून पोचल्याचा निरोप नव्हता.

"मलाही चमत्कार येतो," ती मोठ्याने म्हणाली. "कुणाला बघायचाय?"

मालकांच्या कपाळावर आठी उमटली. पण लोकांना करमणूक हवीच असते. तिने मालकांनाच कीबोर्डपाशी बसवलं. "साहेब, एक कोरं पान घ्या. मनाला येईल ते बडवा. जितकं चुकीचं तितकं बरं."

मालकांनी वैतागून दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवला. प्रोग्रॅमने त्याला लालेलाल करून टाकलं. मग चाळणीने गुरूंची ओळ त्या पानाच्या डोक्यावर चिकटवली, आणि कुणालाही पाठ फिरवायला सांगितलं नाही.

"आता तपासा."

चुका शून्य, इशारे शून्य. हिरवागार.

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"साहेब, तुमच्या या बडवाबडवीचं मनही शुद्ध झालं वाटतं," चाळणी म्हणाली. "ऐका. कुठलाही प्रोग्रॅम साइटवर आला की आधी आपलं नाव सांगतो. ही ओळ दारात उभी राहून नाव विचारते. तपासणारा आला की त्याला एक दुसरंच पान देते. एक शीर्षक, एक वाक्य, एकही विजेट नाही. त्यात चूक सापडणार तरी कुठून? तुम्ही-आम्ही आलो की तेच जुनं मोडकं पान. दुरुस्त काहीच झालेलं नाही. आपल्या डोळ्यांत धूळ फेकलीय, बस."

"अश्रद्धेने—" गुरूंनी सुरुवात केली.

"थांबा. मोडलंय काय तेही सांगते. मागणीच्या विजेटमध्ये पत्त्याचा रकाना आहे आणि चॅटच्या विजेटमध्येही आहे. दोघांचं ओळखनाव एकच. मागणी पाठवताना कोड त्या नावाला हाक मारतो, तर चॅटचा रकाना आधी ओ देतो. तो रिकामा. मग मागणी पत्त्याविना जाते. प्रोग्रॅम आठवडाभर ओरडून सांगत होता की दोन रकान्यांना एकच नाव आहे. आपण त्याच्याच तोंडावर हात ठेवला." तिने पुन्हा फोनकडे पाहिलं. "साहेब, गोदामात कोऱ्या मागण्यांचा ढीग पडलाय. प्रत्येक मागणीमागे एक माणूस नळी लावून काट्याकडे बघत बसलाय. त्यांतली एक माझी मावशी आहे. आधी गोदामाला फोन लावा, मग मला काय ते बोला."

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, गुरूंकडे पाहिलं आणि फोन उचलला. "काका, सगळ्यांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता. हो, मीच सांगतोय."

या गडबडीत गुरूंनी काढता पाय घेतला. त्यांचा पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला होता. शिपायाने तो उघडून पाहिला तर आत काहीच नव्हतं.

चाळणीने आधी गुरूंची ओळ पुसून टाकली आणि दुरुस्ती तिथेच, सगळ्यांसमोर केली. परक्या विजेटला हातही लावला नाही. चॅटला एक स्वतंत्र चौकट दिली आणि त्यात बंद करून टाकलं, म्हणजे त्याच्या रकान्यांची मागणीच्या रकान्यांशी गाठच पडणार नाही. बाकीच्या चुकांबद्दल विजेटवाल्या कंपन्यांना कळवलं. त्या सावकाश सुधारतील. तोवर पडद्यावर थोडं लाल राहणार होतं आणि ते तसंच राहू दे, असं मालकांनी स्वतः सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. "आला गं सिलिंडर," मावशी म्हणाली. तिचा श्वास आता सरळ चालला होता. चाळणीला एकदम रडू आलं आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"त्या बुवांना काय शिक्षा केलीत?" मावशीने विचारलं.

"पळाले."

"मग उद्या दुसऱ्या गावात पडदे हिरवे करतील. तू लिहून ठेव हे. सगळ्यांना सांग."

तेच इथे सांगितलं आहे. चमत्कार दाखवणारा कीबोर्ड घेऊन आला काय आणि कमंडलू घेऊन आला काय, पाठ फिरवा म्हणाला की समजावं, बघण्यासारखं काहीतरी तिथे आहे. त्याच्या तेजाला दिपू नका, त्याच्याशी भांडतही बसू नका. तपासणाऱ्याला जे दाखवलंत तेच मला दाखवा, एवढंच शांतपणे म्हणा. आणि तो दाखवेपर्यंत दारातून हलू नका. आत कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो.