साठ डब्यांची शाळा

रामाजींकडे उभ्या जन्मात ना शेत झालं, ना बैलजोडी, ना बांधा-धुऱ्यावरचं एखादं बाभळीचं झाड. वर्धा जिल्ह्यातल्या जामपासून आत सहा किलोमीटरवर बोरझरी गाव, तिथं ते दुसऱ्यांची ढोरं राखत म्हातारे झाले. त्यांच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बढाई. ‘मी शाळेत गेलतो,’ ही ती बढाई. घरी कुणी आलं की आधी पाणी, मग चहा, आणि चहा घशाखाली उतरायच्या आत ही शाळा.

त्यांची सून जिजाबाई सोळाव्या वर्षी या घरात आली. सासऱ्याला ती मामाजी म्हणे. पहिल्याच आठवड्यात तिनं मामाजींची शाळा ऐकली आणि पुढे पंचवीस वर्षं ऐकत राहिली. शाळेला लागून म्हणे आगगाडीचा रूळ होता. मालगाडी आली की मास्तरांचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. पण मास्तर हुशार, वेळ फुकट घालवणारे नव्हेत. शिकवणं थांबवून ते पोरांना डबे मोजायला लावत. रामाजींना वेगळ्या गोणपाटावर पार दाराशी बसवत, पण हेही ते तोऱ्यातच सांगत, कारण दारातून डबे सगळ्यांत चांगले दिसत. असं मोजता मोजता त्यांना आकडे आले. साठपर्यंत. साठाच्या पुढे काऊन नाई, असं कुणी विचारलंच तर म्हणत, “गाडी सरे.”

जिजाबाईच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिनं सासऱ्याची थाप पकडली. बोरझरीच्या शाळेसमोर तळं आहे, मागे मारोतीचं देऊळ आहे. आगगाडी बघायची तर हिंगणघाट गाठावं लागतं. चार पाहुणे बसलेले असताना तिनं पदराआडून विचारलं, “मामाजी, आपल्या गावाले रूळ हाये कुठं?” मग जो हशा पिकला तो पिकला. मामाजीही हसले, आणि पुढच्या पाहुण्याला तीच गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, रुळासकट. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, असं जिजाबाई तेव्हापासून त्यांच्यावरून गावभर सांगत आली.

गंमत अशी की आकडे तिनं त्यांच्याकडूनच उचलले. संध्याकाळी ढोरं परत आली की रामाजी मोठ्यानं मोजत आणि चुलीपुढे बसलेली जिजाबाई मनात. शाळेची पायरी न चढलेल्या तिला साठपर्यंत येऊ लागलं. साठ झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करी. हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. सासऱ्याला थापाड्या म्हणायचं आणि त्याच थापेतले आकडे वापरायचे, हे कबूल करायला फार मोठं मन लागतं.

रामाजी चौऱ्याण्णव साली गेले. पुढे जिजाबाईचा नवराही गेला. आता ती सत्तरी ओलांडलेली. मुलगा अनुप जामच्या चौकात ट्रकच्या टायरचे पंक्चर काढतो, सून अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि नात रोशनी. तर या रोशनीनं अंगणवाडीच्या भिंतीला टेकून अभ्यास केला, आणि प्रवेश परीक्षेत असे मार्क आणले की नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तिचा नंबर लागत होता. ढोराची डॉक्टर! जिजाबाईनं आधी नाक मुरडलं, माणसाची का नाही म्हणून. दोन दिवसांनी मात्र तीच हातपंपावर बायांना सांगत होती की माणूस आपल्या तोंडानं सांगतो कुठं दुखते ते, ढोर सांगत नाही, म्हणून त्याच्या डॉक्टरला डोकं जास्त लागतं.

घोडं अडलं ते जातपडताळणीत. पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आणा, असं पत्र आलं आणि पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पुरावा नाही तर राखीव जागा नाही, आणि खुल्या यादीत रोशनीचं नाव बसत नव्हतं.

आता ज्यांच्या आज्या-पणज्याला जमीन होती, त्यांच्या घरी पेटीच्या तळाशी जुने कागद पिवळे पडून असतात. ज्याला काहीच नव्हतं, त्याच्याकडे काही नसल्याचाही कागद नसतो. छप्पन साली नागपूरला जाऊन रामाजींनी जी जात कायमची टाकून दिली, ती एके काळी आपल्या माथी होती, हे आता पणतीनं सिद्ध करायचं होतं. जिजाबाईचा नवरा शाळेत गेला पंचावन्न साली. त्याचा दाखला घरात जपून ठेवलेला होता, पण तो पाच वर्षं उशिराचा निघाला.

अनुपनं बोरझरीच्या शाळेत जाऊन रजिस्टरं पाहिली. हेडमास्तर भला माणूस, त्यांनी एकतीस सालापासूनची सगळी काढून दिली आणि स्वतः सोबत बसले. दोघांनी दोनदा वाचली, रामाजींचं नाव नाही. जन्माच्या नोंदीचा जुना कागदही कुठं मिळाला नाही. असे नऊ दिवस गेले. संध्याकाळी अनुप ओट्यावर येऊन बसला आणि चिडून म्हणाला, “आबाजी थापच मारत होते, माय. तू बरोबर म्हणत होती.”

जे वाक्य जिजाबाई स्वतः जन्मभर बोलली, तेच पोराच्या तोंडून ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “मी सून त्यायची, मी म्हणीन,” ती म्हणाली. “तू नोको म्हणू.”

रोशनी आपली पुस्तकं दोरीनं बांधून फळीवर ठेवत होती. ते बघून जिजाबाईनं आपल्यापुढची भाकर तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुदत वाढवून मिळते का हे विचारायला अनुप वर्ध्याला निघाला. ओळखीचा टेम्पो होता, म्हणून जिजाबाईही हट्टानं चढून बसली. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं आणि टेम्पो थांबला. अनुप तेव्हा फोनवर ऑफिसातल्या बाबूशी बोलत होता. मालगाडी धडधडत आली तशी त्याला एका कानात बोट घालून ओरडावं लागलं, “थांबा साहेब, गाडी जाऊ द्या. काई आयकू नाई येऊन राह्यलं.”

जिजाबाई सवयीनं डबे मोजायला लागली होती. चाळिसाच्या आसपास तिचा आकडा चुकला, कारण तिला आजेसासू आठवली. रामाजींची माय. अगदी शेवटी, अंथरुणाला खिळलेली असताना, जिजाबाईकडून पाठीला तेल लावून घेता घेता म्हातारी एकदाच बोलून गेली होती. नवरा पटकीनं गेला तेव्हा पोराला हाताशी धरून ती पुलगावच्या गिरणीत कामाला गेली होती आणि वर्षभर तिथंच राहिली होती. त्या वर्षाबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही. रामाजींनी तर नाहीच.

आणि पुलगावला रूळ आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सगळं घर बोरझरीत रजिस्टरं उपसत बसलं होतं, आणि शाळेचा पत्ता तर मामाजी पंचवीस वर्षं ज्याला त्याला सांगत होते. बापाचं मरण, मायचे कष्ट, परक्या गावातली उपासमार, सगळं गाळून त्यांनी फक्त शाळा तेवढी सांगितली, आणि त्यावर आपण चार लोकांना हसवलं. जिजाबाईला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तिनं अनुपच्या हातातला फोन खाली घेतला.

“वर्ध्याचं काम राहू दे,” ती म्हणाली. “मले पुलगावले घेऊन चाल.”

पुलगावात, रुळाजवळची जुनी शाळा कोणती, असं विचारत मायलेक हिंडले. पहिली शाळा साठ सालानंतरची निघाली. दुसरी रुळाला अगदी खेटून होती, मध्ये नुसती कुंपणाची भिंत. इमारत नंतरची दिसत होती. मुख्याध्यापिका मयुरी मॅडम चौथीच्या वर्गावर होत्या आणि बाहेर शिपाई नव्हता, म्हणून दोघं वर्गाच्या दाराशीच जाऊन उभे राहिले. अनुप हात जोडून कामाचं सांगणार, तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली.

मॅडमनी खडू खाली ठेवला. कुणी काही न सांगता वर्गातली सगळी पोरं खिडकीकडे वळली आणि मोजायला लागली. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं, एका सुरात. जिजाबाई दाराची चौकट धरून उभी होती आणि तिचे ओठ त्यांच्या बरोबरीनं हलत होते. दारातून डबे खरंच चांगले दिसत होते. अठ्ठावन्नला गाडी संपली. मॅडमनी खडू उचलला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढे शिकवू लागल्या.

ही पद्धत कुणी सुरू केली, असं अनुपनं नंतर विचारलं. मॅडमना ठाऊक नव्हतं. त्या आल्या तेव्हा आधीच्या बाई असंच करत, आणि त्यांच्या आधीचे गुरुजीही. शाळेची रीतच आहे, त्या म्हणाल्या.

जिजाबाई तोवर व्हरांड्यात बसून पदरानं डोळे पुसत होती. रजिस्टर अजून उघडलंसुद्धा नव्हतं, पण तिच्यापुरता निकाल लागला होता. मामाजी खरं बोलत होते.

ऑफिसला मात्र डोळ्यातलं पाणी चालत नाही, कागद लागतो. मॅडमनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेली जुनी दाखलखारीज रजिस्टरं काढली. पानं पापडासारखी झालेली, त्या दोन्ही हातांनी एकेक उलटत होत्या. सदतीस सालाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. रामा गोविंदा. जातीचा रकाना भरलेला. पालकाचा धंदा, गिरणीत मजुरी. दाखल जुलै महिन्यात. पुढच्या एप्रिलात पहिली पास. आणि शाळा सोडण्याचं कारण, गाव सोडले, ढोरे राखण्यास.

जिजाबाईनं ती ओळ मॅडमकडून तीनदा वाचून घेतली. पास लिहिलं आहे ना, असं पुन्हा विचारून खात्री केली. मग नंबर विचारला. तो काही लिहिलेला नव्हता. आपला वर्गात दुसरा नंबर होता, असं मामाजी सांगत. तेही खरंच असणार, हे तिनं तिथल्या तिथं मान्य करून टाकलं. त्या माणसावर संशय घ्यायचा तिचा हक्क आता संपला होता.

मॅडमनी सही-शिक्क्यासह उतारा करून दिला. मुदतीला चार दिवस असताना तो ऑफिसात पोचला, पडताळणी झाली, आणि यादी लागली तेव्हा रोशनीचं नाव तिच्यात होतं. अनुपनं त्या दिवशी दुकानावर आलेल्या तीन ट्रकवाल्यांचे पंक्चर फुकट काढले.

रोशनी नागपूरला जायच्या आदल्या रविवारी ग्रामपंचायतीसमोर तिचा सत्कार ठेवला. मंडप होता, शाल होती, माइक होता. सरपंच कैलास शेतकऱ्याचा पोरगा, मनानं चांगला, पण हातात माइक आला की त्याला छापील बोलायची खोड. रोशनीच्या खांद्यावर शाल घालून तो म्हणाला की ज्या घरात शिक्षणाचा गंधसुद्धा नव्हता, अशा घरातून ही मुलगी आज इथवर आली.

पहिल्या रांगेतली जिजाबाई खुर्चीचा हात धरून उठली.

“गंध होता, बापू,” ती म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “सदतीस सालापासून हाये. माह्ये सासरे पुलगावच्या शाळेत पयली पास झालते. पक्का कागद हाये घरी. ढोरं राखासाठी त्यायले शाळा सोडा लागली, आता त्यायची पणती ढोराची डॉक्टर होऊन राह्यली. ते सांगत तवा मी हासत होती. तुमीबी हासत होते, तुमाले मीच हासवलं. मी चुकली.”

रामाजींची शाळा ऐकलेली दहा-बारा म्हातारी माणसं तरी तिथं होती, त्यांनी माना खाली घातल्या. रोशनी शाल सावरत आजीकडे बघत होती. जिजाबाई खाली बसायला लागली, पण मध्येच थांबली. पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं अजून एक राहिलं होतं.

“अन् मीबी कोरी नाई,” ती म्हणाली. “साठपर्यंत येते मले. त्यायनंच शिकवलं.”

कैलासनं पुढचं छापील वाक्य सोडून दिलं. त्यानं माइक बाजूला केला आणि साध्या आवाजात विचारलं की आजी, मग रोशनी तुमच्या घरात कितवी? जिजाबाईनं उजव्या हाताची बोटं एकेक मिटली. सासरे, नवरा, पोरगा, नात. मिटलेली बोटं तिनं सगळ्या मंडपाला दिसतील अशी वर धरली.

“चौथी पिढी,” ती म्हणाली. “लिवून घे.”