डाव्या डोळ्याची पापणी

जुने, फाटलेले, ओल लागलेले फोटो कॉम्प्युटरवर नीट करून देणं हा माझा धंदा. लोकांची गेलेली माणसं मी हसरी करून देते, आणि स्वतःच्या जिवंत आईशी कशी वागले ते ऐका.

आईला विसरण्याचा आजार. दिवसभर ती मला 'अहो बाई' म्हणायची. फक्त दुपारची झोप झाली की चारच्या सुमाराला, कधीमधी, अर्धा तास तिचं डोकं लख्ख व्हायचं. तेवढा वेळ मी तिची लेक. लहानपणी माझ्या तोंडाला खळ नसायचा म्हणून ती मला टिटवी म्हणायची. 'टिटवे' अशी हाक आली की माझा तो दिवस सोन्याचा.

असंच एकदा तिनं विचारलं, "टिटवे, माझा लग्नाआधीचा फोटो कुठाय गं? कशी दिसत होते, बघू तरी."

फोटो शोधला, तर ओलीनं अर्धा चेहरा खाल्लेला. डावा डोळा पार गेलेला. म्हटलं, "आठ दिवसांत करून देते, आई."

"तुझे आठ दिवस मला माहीत आहेत!"

खरंच माहीत होते तिला. गिऱ्हाइकांच्या कामात दोन महिने गेले. तोवर तिचे लख्ख दिवस कमी होत गेले, आणि मग पंधरा दिवस एकदाही हाक नाही. तेव्हा कुठे माझं धाबं दणाणलं. सगळी कामं बाजूला सारली नि तोच फोटो घेऊन बसले.

त्या दिवशी फक्त डोळा राहिला होता. दुपारी दोनला बसले. साडेतीनला उठायचं, चारच्या आत छापून आईच्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. पण आमच्या कामात चेहरा इतका मोठा करावा लागतो की चेहराच दिसत नाही, नुसते ठिपके. एक ठिपका बसला की शेजारचा खुपतो. तो केला की त्याच्या पलीकडचा. भूक नाही, तहान नाही. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यातच होतं, पण बघतंय कोण!

मान वर केली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. सव्वासहा. फोटो छापला आणि आईच्या खोलीकडे पळाले.

आईला सांभाळायला असलेल्या मावशी तिचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "आता आलात होय, ताई? आजी तुमच्या दाराशी उभ्या होत्या की मघाशी. चांगली दहा मिनिटं. तीनदा हाक मारली, टिटवे म्हणून."

"मग मला हलवायचं नाही का हो!" मी ओरडलेच.

"हलवणारच होते. तुम्ही म्हणालात, आले, पाच मिनिटं. मग आजीच म्हणाल्या, राहू दे, काम करतेय लेक माझी."

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

फोटो आईच्या हातात दिला. तिनं बराच वेळ पाहिला. "छान आहे हो मुलगी. तुमची कोण?"

"आई, तूच आहेस ती."

"काहीतरीच काय, बाई!" ती हसली. परक्या माणसाशी हसावं तसं.

दुसऱ्या दिवसापासून मी तीनलाच तिच्या उशाशी जाऊन बसू लागले. चार वाजायचे, साडेचार वाजायचे, पाच वाजायचे. सात महिने बसले. गेली ती मला 'अहो बाई' म्हणतच.

भेटायला आलेले तोच फोटो बघून म्हणाले, डोळे किती जिवंत आलेत! मी आत निघून गेले, नाहीतर कुणाला तरी बोलले असते.

परवा ते काम पुन्हा उघडलं. दर दहा मिनिटांनी त्याची एक प्रत आपोआप ठेवली जाते, वेळेसकट. मावशींना फोन करून विचारलं, नक्की किती वाजता आली होती आई? त्यांनी रोजची नोंदवही काढून सांगितलं, चार वीसला तुमच्या दाराशी आल्या, साडेचारपर्यंत उभ्या होत्या.

चार वीसच्या प्रतीत पापणी कोरी आहे. साडेचारच्या प्रतीत तिला तीन केस आहेत.

तीन केस. आई मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि मी वळले नाही. मेले ते केस जमलेत मात्र छान.