चिकूचे आठ कार्बन

साहेब, तपासणीच्या अहवालात तुम्ही खोटं लिहिलंत. 'विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत, विज्ञान शाखा बंद करावी.' खाली सही तुमचीच.

मी लाहू, तलासरीकडच्या या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. शाळा नववीपर्यंत, बाकीचं बाटल्या धुताधुता ऐकलेलं. तुम्ही तपासणीला आलात तेव्हा मी तिथंच होतो.

चंद्रावती मॅडम क्युबेन शिकवत होत्या. आठ कार्बनचा चौकोनी डबा. मॉडेलचा संच तुमच्याकडून कधी आलाच नाही, म्हणून चिकू आणि बांबूच्या काड्या. पहिला डबा मॅडमनी पिकल्या चिकूंचा केला, तो मऊ पडून खाली बसला. पोरं खदाखदा हसली. मग कच्चे आणले. त्यांचा चीक सुकला की काडी हलत नाही.

तुम्ही म्हणालात, "केमिस्ट्री आहे की बाजार भरवलाय?"

अकरावीची भाविनी उठली. किनाऱ्यावरच्या झाई गावची पोर, आई बोंबील सुकवते. शाखा बंद झाली तर तिची बारावी गेली. बाप लांब पाठवणार नाही.

"साहेब, कार्बनला एकशे नऊ अंशाचा कोन लागतो. इथं नव्वदात कोंबलाय. ताण आहे, तरी टिकतो."

"पाठ केलंस."

"मग एक काडी मोडा."

मोडलीत. डबा उभाच.

"बोंबील वाळवायची आमची वलांडी अशीच. सगळ्या दोऱ्या ताणलेल्या, पण एक गाठ सुटली म्हणून पडत नाय, बाकीच्या धरतात. इथं बारातले अकरा बंध धरून आहेत. सुटायला सोपी वाटच नाय. लय तापवलं तर मोडेल."

वलांडी मॅडमनी शिकवली नव्हती हो! ती तिची स्वतःची. मॅडमचे डोळे चमकलेले मी पाहिले. माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

पोर थांबली नाही. "साहेब, चारच कार्बनांचा केला तर? नुसता तो अजून कुणाला बनवता आला नाय म्हणतात. चारी कोपऱ्यांना अणूंचे जाड गट लावले की टिकतो. असं का?"

तुम्ही घड्याळ पाहिलंत. "पोर्शनमधलं विचार." आणि निघालात.

म्हणजे प्रश्न विचारला होता. तुम्हालाच.

डबा टेबलावर आहे, एक काडी कमी. चिकू पिकायच्या आत या, भाविनीसमोर उभे राहा. चार कोपऱ्यांचा तो रेणू जाड गट लावल्यावर का टिकतो? उत्तर द्या.